घरचाच पत्ता, घरचाच विमा आणि छोटा धंदा

वातदीप

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज विचारून टाकते.

मी गेली तीन वर्षं घरी सुगंधी मेणबत्त्या बनवते. आधी ओळखीपाळखीत देत होते, आता ऑनलाइन ऑर्डरी येतात. मागची खोली पूर्ण या कामाने व्यापली आहे. मेणाच्या गोण्या, काचेचे ग्लास, वाती, सुगंधी तेलाच्या बाटल्या, आणि दाराशी कुरिअरसाठी बांधून ठेवलेले खोके. खोक्यावर पाठवणाऱ्याचा म्हणून घरचाच पत्ता लिहीत आले. वेबसाइटवरही तोच आहे.

गेल्या आठवड्यात घराच्या विम्याचं नूतनीकरण आलं. फॉर्मवर एक ओळ आहे: 'या जागेत कोणताही व्यवसाय चालतो का?' चार वर्षांपूर्वी पॉलिसी घेतली तेव्हा मी तिथे 'नाही' लिहिलं होतं आणि तेव्हा ते खरं होतं. नंतर दर वर्षी फॉर्म न वाचताच पैसे भरले. यंदा पेन त्या ओळीवर अडलं. नवरा म्हणतो, 'हो' लिहिलंस तर हप्ता वाढेल, कदाचित विमाच नाकारतील, आणि एवढ्याशा कामाला धंदा कोण म्हणतं?

तर प्रश्न दोन. घरचा पत्ता असा सगळीकडे द्यावा का? आणि विमा कंपनीला सांगावं का? अनुभव असतील तर प्लीज सविस्तर लिहा.

टाचणी

'हो' लिहा. बाकीची चर्चा नंतर वाचा.

दार उघडं

मी मातीची भांडी करतो. अकरा वर्षं झाली, घरचाच पत्ता, घरचाच फोन. लपवावं असं मला कधी वाटलं नाही. वस्तू फुटकी निघाली तर कुठे जायचं हे ठाऊक असेल तरच लोक निर्धास्तपणे पैसे देतात. पहिल्या वर्षी एक बाई तडा गेलेला कुंडा घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. मी तो बदलून दिला. आज त्या माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक आहेत. पत्ताच नसता तर त्या दुसऱ्याकडे गेल्या असत्या.

विम्याचं म्हणाल तर भट्टी मागच्या शेडमध्ये आहे, घरापासून लांब. आजवर काही झालेलं नाही. उगाच आपण होऊन सांगायला कशाला जायचं?

कागदपुठ्ठा

'आजवर काही झालेलं नाही' हे मी नऊ वर्षं म्हणत होतो, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी पुस्तकबांधणी करतो. घराच्या एका खोलीत कागदाची रिमं, पुठ्ठे, कापड, कटिंग मशीन आणि लोकांनी बांधायला दिलेली पुस्तकं. एका रात्री वरच्या मजल्यावरची पाण्याची नळी फुटली. पहाटे उठलो तर पाणी छतातून भिंतीवरून उतरून थेट कपाटात. कोरडी रिमं घट्ट आणि सरळ असतात. भिजली की फुगतात, आणि फुगली की कपाटाची फळी वाकवतात. सगळ्यात खालची फळी मधोमध चिरली होती. शिवण उकलून पुस्तकं पंख्यासारखी उघडली होती.

विमा कंपनीकडून नुकसान तपासायला सर्व्हेअर आला. माणूस सज्जन होता. सगळीकडे फोटो काढले, भिंतींची ओल मोजली. मग वाकून एक ओला खोका उचलला आणि त्यावरचं लेबल मोठ्याने वाचलं. माझं नाव, खाली 'पुस्तकबांधणी व स्टेशनरी', आणि खाली आमच्या घराचा पत्ता. त्याने विचारलं, 'हे सगळं इथूनच जातं का?' मी म्हटलं, हो.

सोफा, पलंग, भिंतींचा रंग यांचे पैसे मिळाले. कागद, मशीन आणि गिऱ्हाइकांची पुस्तकं यांचा एक पैसाही नाही. पॉलिसीत स्पष्ट लिहिलं होतं की व्यवसायाचा माल आणि अवजारं यात धरलेली नाहीत. मीच वाचलं नव्हतं.

पैशाचं मी विसरलो. विसरता येत नाही ती एका गृहस्थांची वही. त्यांच्या आजोबांनी शाईने लिहिलेली रोजनिशी होती, चामड्यात बांधून द्यायची होती. शाई पानभर पसरली, एक ओळ वाचता येईना. त्यांना फोन करायला मी दोन दिवस लावले. ते रागावले नाहीत. 'तुमचाही इलाज नव्हता' म्हणाले. पण माझा इलाज होता. ती वही मी जमिनीलगतच्या फळीवर ठेवायला नको होती.

वातदीप

कागदपुठ्ठा दादा, वाचून पोटात कालवलं. इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार.

भिंग

हे वाचून माझी झोप उडाली. मी जुने कॅमेरे दुरुस्त करतो. या क्षणी टेबलावर अकरा जणांचे कॅमेरे उघडे पडले आहेत. त्यातले चार असे आहेत की बदली मिळणारच नाहीत. मी आजवर समजत होतो की घरातल्या सगळ्याच वस्तूंना घराचा विमा लागू होतो. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असताना गेली तर?

जुना विमेकरी

मी सत्तावीस वर्षं सर्व्हेअर म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत म्हणून जरा लांबण लावतो.

घराची पॉलिसी घर डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असते. घरात माणसं राहतात, झोपतात, स्वयंपाक करतात, पाहुणे येतात, एवढ्याच जोखमीचा हप्ता त्यात मोजलेला असतो. विकायचा माल, धंद्याची अवजारं आणि दुसऱ्याच्या तुमच्याकडे सोपवलेल्या वस्तू साधारणपणे त्यातून वगळलेल्या असतात. म्हणून भिंग, तुमच्या टेबलावरचे अकरा कॅमेरे बहुतेक विम्याबाहेर आहेत असंच धरून चाला. अशा वस्तूंसाठी 'ताब्यात सोपवलेला माल' असं वेगळं कलम घ्यावं लागतं. वस्तू घेताना तिची अवस्था आणि अंदाजे किंमत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. नंतर वाद झाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. ती म्हणजे जबाबदारी. माल घ्यायला आलेला माणूस तुमच्या पायरीवरून घसरून पडला, तर पाहुणा पडला असं विमा कंपनी मानेलच असं नाही. धंद्याच्या निमित्ताने आलेल्या माणसासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा वेगळा असतो. आणि वस्तू तुमच्या घरातून गेल्यावर तिने दुसऱ्याच्या घरात नुकसान केलं तर उत्पादन दायित्वाचा. वातदीप, तुमची मेणबत्ती दुसऱ्याच्या टेबलावर जळते. ग्लास तडकला, टेबलावरचं कापड पेटलं, तर घराच्या पॉलिसीचा काडीचा उपयोग नाही. माझ्या मते तुम्हाला मालाच्या विम्याच्याही आधी हा हवा.

आता 'हो' लिहिण्याबद्दल. ज्या गोष्टीमुळे कंपनी विमा द्यायचा की नाही किंवा हप्ता किती घ्यायचा हे वेगळं ठरवेल, ती महत्त्वाची बाब. ती विचारली असताना दडवली तर दाव्याच्या वेळी अंगाशी येते. तेही नुसत्या मालापुरतं राहत नाही, पूर्ण पॉलिसीवर गदा येऊ शकते. घरात मेण वितळवलं जातं हे आगीच्या पॉलिसीत महत्त्वाचं नाही असं कोण म्हणेल?

दार उघडं

काकांबद्दल आदर आहे, पण विमा कंपन्यांना पैसे न द्यायला निमित्तच हवं असतं. सांगितलं तर हप्ता वाढवतात, नाही सांगितलं तर दावा नाकारतात. छोट्या माणसाने करायचं काय?

जुना विमेकरी

तुमचा राग मला कळतो. चुकीने नाकारलेले दावे मी पाहिले आहेत आणि त्याविरुद्ध अहवालही लिहिले आहेत. पण ज्यात विमेदाराने लेखी सांगून ठेवलं होतं, त्यात मला भांडता आलं. जिथे काहीच सांगितलेलं नव्हतं, तिथे माझ्या हातात काय होतं?

इतिहासवेडा

थोडं अवांतर, पण विषयाशी नातं आहे.

'विमा घेताना महत्त्वाचं दडवू नये' हे तत्त्व ज्या खटल्याशी जोडलं जातं तो १७६६ चा कार्टर विरुद्ध बोहम. सुमात्रातल्या एका इंग्रजी किल्ल्याच्या गव्हर्नराने, कार्टरने, किल्ला परक्या शत्रूच्या हाती पडेल या भीतीपोटी विमा घेतला होता. १७६० मध्ये फ्रेंचांनी तो घेतला. विमा देणारा बोहम म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे तू सांगितलं नाहीस. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी दोन्ही पक्षांनी सचोटीने वागावं हे तत्त्व मांडलं, आणि निकाल दिला तो कार्टरच्या बाजूने! कारण जे विमा देणाऱ्याला स्वतःला कळू शकत होतं, ते सांगितलं नाही म्हणून त्याला पैसे बुडवता येणार नाहीत. म्हणजे दार उघडं यांचा राग अडीचशे वर्षांपूर्वी एका न्यायाधीशालाही समजला होता.

दुसरी गंमत. लंडनच्या १६६६ च्या आगीनंतर तिथे आगीचा विमा सुरू झाला. विमा घेतलेल्या घरांच्या दर्शनी भिंतीवर कंपनी धातूची पाटी ठोकायची. १७१० मध्ये स्थापन झालेल्या सन फायर ऑफिसच्या शिशाच्या पाट्यांवर पॉलिसीचा क्रमांकही असे. तिथे घरांना सर्रास क्रमांक पडायला लागले ते त्यानंतर बऱ्याच काळाने. तोवर विमा कोणत्या घराचा, हे सांगायला ती पाटीच होती.

टाचणी

म्हणजे तेव्हा विमाच घराचा पत्ता होता. इतिहासवेडा, हे अवांतर कुठे आहे? हाच तर धागा आहे!

उंबरठा

पत्त्याबद्दल कुणी बोलत नाहीये, म्हणून मी लिहिते.

मी मुलीसोबत राहते, आम्ही दोघीच. घरून कपडे शिवून विकते. घरचा पत्ता पाकिटावर, बिलावर, सगळीकडे होता. एका माणसाला ड्रेसचं माप पसंत पडलं नाही. मी पैसे परत करते म्हटलं होतं, तरी तो रात्री साडेदहाला दारात आला. मी अंघोळीला गेले होते, मुलीने दार उघडलं. नऊ वर्षांची. तो दाराच्या चौकटीवर हात टेकून उभा होता आणि 'आईला बोलाव' एवढंच म्हणत होता. त्याने काही केलं नाही. पण त्यानंतर तीन-चार आठवडे तो संध्याकाळी समोरच्या बाजूला गाडी लावून बसायचा.

दार उघडं दादा, तुमच्या दारात बाई कुंडा घेऊन आल्या आणि नातं जडलं, ते छानच आहे. पण तुमचा अनुभव तुमच्या दाराचा आहे. माझी मुलगी अजूनही बेल वाजली की आधी माझ्याकडे पाहते.

आता टपाल घेणाऱ्या एका सेवेचा पत्ता वापरते. महिन्याला पैसे जातात, जाऊ देत.

दार उघडं

ताई, वाचून गप्प झालो. मी एकट्या माणसाच्या सोयीचं बोलत होतो. लेकीला आशीर्वाद.

जालकरी

उंबरठा यांचं वाचून तांत्रिक बाजू लिहावीशी वाटली. वेबसाइटवरून पत्ता काढला म्हणजे तो गेला, असं होत नाही.

वेबसाइटचं नाव नोंदवताना जो पत्ता देतो तो पूर्वी 'हू-इज' नोंदीत कोणालाही दिसायचा. २५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर हा व्यक्तिगत माहिती जपण्याचा कायदा लागू झाला तेव्हापासून बहुतेक नोंदींत व्यक्तीचा पत्ता झाकलेला असतो. पण त्याआधी नोंदवलं असेल तर जुन्या नोंदींच्या प्रती साठवणारी संकेतस्थळं आहेत, तिथे तो सापडू शकतो. गूगलच्या नकाशावर धंदा नोंदवला असेल आणि गिऱ्हाइकं दारात येत नसतील, तर पत्ता लपवून फक्त सेवा कुठल्या भागात देता ते दाखवता येतं. तिथे पोस्ट बॉक्सचा पत्ता मात्र चालत नाही.

आणि फोटो! तयार मालाचा फोटो अंगणात काढतो, मागे घराचा क्रमांक दिसतो. मूळ फोटो ईमेलने पाठवला तर त्यात कुठे काढला ती जागाही दडलेली असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थान-नोंद बंद करा. परत आलेल्या पार्सलांची लेबलं फाडून टाका. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे.

समुद्रापल्याड

पत्ता पूर्ण लपवणंही प्रत्येक ठिकाणी कायद्याला धरून नसतं, हे लक्षात घ्या. नियम देशागणिक वेगळे आहेत. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या उत्पादन सुरक्षा नियमांनुसार उत्पादकाचं नाव, टपालाचा पत्ता आणि ईमेलसारखा पत्ता वस्तूवर किंवा वेष्टनावर हवा. अमेरिकेत जाहिरातीच्या ईमेलमध्ये टपालाचा खरा पत्ता द्यावा लागतो, पण तिथे नोंदणीकृत पोस्ट बॉक्स चालतो. तिथेच २७ जून २०२३ पासून ऑनलाइन बाजारावरच्या मोठ्या विक्रेत्यांसाठी ओळख दाखवण्याचा कायदा आहे. पण ज्याच्याकडे घराशिवाय दुसरा पत्ता नाही त्याला फक्त देश आणि राज्य दाखवण्याची सवलत मागता येते. ब्रिटनमध्ये ४ मार्च २०२४ पासून कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणून नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही.

खरं सांगण्याच्या जबाबदारीतही असाच फरक आहे. ब्रिटनमध्ये घरगुती विमेदाराने आपण होऊन सगळं सांगावं ही जुनी अट २०१२ च्या कायद्याने काढली. आता विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं काळजीपूर्वक आणि खरी द्यायची. धंद्याच्या विम्यात मात्र २०१५ च्या कायद्याप्रमाणे जोखमीचं योग्य चित्र स्वतःहून मांडावं लागतं. वातदीप ताईंना तर फॉर्मवर थेट प्रश्न विचारलेला आहे, म्हणजे कुठल्याही पद्धतीत उत्तर एकच.

हिशेबनीस

मी फक्त लॅपटॉपवर काम करतो, लोकांचे हिशेब लिहितो. ना माल, ना गिऱ्हाईक दारात. मलाही सांगावं लागेल का?

जुना विमेकरी

सांगा. बसून करायच्या कामाला बहुतेक कंपन्या घराच्या पॉलिसीतच मुभा देतात, पुष्कळदा हप्ताही वाढत नाही. पण तुमची खरी जोखीम लॅपटॉप नाही. तुम्ही हिशेबात चूक केलीत आणि गिऱ्हाइकाला दंड बसला तर? त्याला व्यावसायिक दायित्वाचा विमा लागतो. आणि लॅपटॉपवर लोकांची आर्थिक माहिती आहे, ती चोरीला गेली तर नुसती यंत्राची किंमत मिळून काय होणार?

वातदीप

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! उंबरठा ताईंचं वाचल्यावर मी ठरवलं की टपाल सेवेचा पत्ता घ्यायचाच. मलाही मुलगी आहे.

मग आता सोपं झालं ना? लेबलावर तो पत्ता, वेबसाइटवर तो पत्ता, आणि विम्याच्या फॉर्मवरही धंद्याचा पत्ता म्हणून तोच लिहिते. घराच्या पॉलिसीला हातच लावायला नको.

जुना विमेकरी

थांबा थांबा थांबा. बाई, हे अजिबात करू नका.

धंद्याच्या विम्याच्या फॉर्मवर पत्त्याचे दोन रकाने असतात. एक पत्रव्यवहाराचा पत्ता, दुसरा जोखमीचा पत्ता, म्हणजे विमा घेतलेली वस्तू प्रत्यक्ष कुठे आहे ते ठिकाण. पहिल्यात टपाल सेवेचा पत्ता खुशाल लिहा. दुसऱ्यात मेणाच्या गोण्या जिथे आहेत तोच पत्ता लिहायचा. तिथे टपाल सेवेचा पत्ता लिहिलात तर कागदोपत्री तुम्ही त्या टपालपेटीत ठेवलेल्या मेणबत्त्यांचा विमा घेतलात. घरी आग लागली तर तुमच्या मालाला विमाच नाही, आणि वर हप्ताही भरलेला.

असं एक प्रकरण मी स्वतः पाहिलं आहे. माणूस प्रामाणिक होता, नोंदणीचा पत्ता तोच धंद्याचा पत्ता या समजुतीने लिहून गेला होता. गोदाम जळलं ते तिसऱ्याच ठिकाणचं. त्याला समजावून सांगताना मला शब्द सापडत नव्हते.

लोकांपासून पत्ता लपवायचा तो जरूर लपवा. विमा कंपनीपासून नाही.

भिंग

हे वाक्य मी फोनवर टिपून घेतलं. काका, मालाची रक्कम किती लिहायची? मी कमी लिहून हप्ता वाचवायच्या विचारात होतो.

जुना विमेकरी

तिथेही फसाल. बऱ्याच पॉलिसींत सरासरीचं कलम असतं. समजा माल १०० चा आहे आणि विमा घेतलात ६० चा. आगीत ४० चं नुकसान झालं. तुम्हाला वाटेल, ६० च्या आत आहे, पूर्ण मिळेल. नाही. विमा साठ टक्क्यांचा, म्हणून नुकसानही साठ टक्केच भरून मिळणार, म्हणजे २४. उरलेले १६ तुमचे तुम्ही सोसायचे.

उलट विक्रीच्या किमतीने जास्त लिहूनही फायदा नाही. माल सहसा तुम्हाला पडलेल्या किमतीने धरतात. सणासुदीला माल वाढत असेल तर तो सगळ्यात जास्त असतो तेव्हाचा आकडा लक्षात घ्या. आणि खरेदीच्या पावत्या, मालाचे फोटो घराबाहेर कुठेतरी ठेवा, ईमेलमध्ये ठेवलेत तरी चालेल. पावत्या मालाबरोबरच जळाल्या म्हणून रडणारी माणसं मी खूप पाहिली.

भाड्याची खोली

मी भाड्याने राहते आणि घरी साबण बनवते. इमारतीचा विमा घरमालकाचा आहे. मला यातलं काय लागू?

कागदपुठ्ठा

ताई, आधी भाडेकरार काढा. बऱ्याच करारांत 'फक्त राहण्यासाठी' असं लिहिलेलं असतं. घरमालकाची लेखी परवानगी घ्या, कारण तुमच्या कामामुळे त्याचाही विमा अडचणीत येऊ शकतो. साबणाला कॉस्टिक सोडा लागतो, तो किती ठेवता आणि कशात ठेवता हे विचारलं जाईलच. स्वतःचं घर असलं तरी कर्ज चालू असेल तर बँकेलाही कळवा. मी नंतर हे सगळं शिकलो.

चाकं

एक राहिलंच. ऑर्डर पोचवायला स्वतःची गाडी वापरत असाल तर गाडीची पॉलिसी काढून वापराचं कलम वाचा. खासगी वापराच्या पॉलिसीत धंद्याचा माल वाहून नेणं बहुधा बसत नाही. मी तीन वर्षं मागच्या सीटवर खोके भरून फिरत होतो. नशीब म्हणून अपघात झाला नाही. आता वापर बदलून घेतला आहे.

जालकरी

आणि कुरिअरने पाठवलेलं हरवलं तर कुरिअर पूर्ण किंमत देईल असं समजू नका. त्यांची जबाबदारी ठरावीक मर्यादेपर्यंतच असते, पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

दार उघडं

कबुली द्यायला आलो. चार दिवस पॉलिसी उशाशी घेऊन वाचली. 'घर' या शब्दाच्या व्याख्येत मुख्य इमारत आणि तिला जोडलेला भाग एवढंच आहे. माझी शेड सुटी उभी आहे. म्हणजे अकरा वर्षं भट्टी, चाकं, तयार भांडी, सगळं विम्याच्या बाहेर होतं, आणि मी म्हणत होतो की लांब आहे म्हणून चिंता नाही! काका, उद्या फोन करणार आहे. काय काय सांगू?

जुना विमेकरी

फार आनंद झाला. भट्टी विजेची की गॅसची, तापमान किती चढतं, आठवड्यातून किती वेळा लावता, ती चालू असताना कोण हजर असतं, भिंती-छप्पर कशाचं, आग विझवायचं साधन कुठे टांगलं आहे. आणि भांडी बघायला लोक येतात हे न विसरता सांगा. फोनवर बोललात तरी त्याच दिवशी ईमेलने लेखी पाठवा आणि पॉलिसीत एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, करून मागा. तोंडी 'ठीक आहे' ला किंमत नाही.

वातदीप

तीन आठवड्यांनी धागा वर काढते आहे. काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

'हो' वर खूण केली आणि सोबत एक पान लिहून जोडलं. दोन दिवसांनी फोन आला. हात थरथरत होते. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं: मेण उघड्या आचेवर वितळवता की विजेच्या भांड्यात? एका वेळी किती? सुगंधी तेल कुठे ठेवता? गिऱ्हाईक घरी येतं का? कोणी कामाला आहे का? मी विजेचं, तापमान आपोआप थांबवणारं भांडं वापरते हे सांगितल्यावर त्यांचा सूरच बदलला. तेल हे मेण वितळवण्याच्या जागेपासून दूर, बंद लोखंडी कपाटात ठेवायचं आणि खोलीत योग्य प्रकारचं अग्निशामक ठेवायचं, या दोन अटी घातल्या. त्यांनीच बजावलं की पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकायचं नाही, पेटतं मेण उडून आग पसरते. झाकण घालून हवा तोडायची. तीन वर्षं मी मेणाशेजारी पाण्याची बादली भरून ठेवत होते, आणि स्वतःला सावध समजत होते.

घराची पॉलिसी चालू राहिली, त्यावर व्यवसायाची नोंद झाली. माल, अवजारं आणि उत्पादन दायित्व यांची वेगळी छोटी पॉलिसी घेतली. जोखमीच्या रकान्यात घरचा पत्ता, पत्रव्यवहारात टपाल सेवेचा. हप्ता वाढला. नवऱ्याने आकडा पाहिला, काही बोलला नाही, आणि संध्याकाळी स्वतः लोखंडी कपाट घेऊन आला.

जुन्या पत्त्याची लेबलं लावलेले साठेक खोके तयार पडले होते. काल रात्री मी आणि मुलगी नवी लेबलं त्यांवर चिकटवत बसलो. उंबरठा ताई, तिने विचारलं, 'आपला पत्ता का झाकतोय?' मी तिला तुमच्याबद्दल थोडं सांगितलं. ती नंतर प्रत्येक लेबलाच्या कडा अंगठ्याने दाबून बघत होती, जुनं काही डोकावतंय का.

उंबरठा

तिला माझा गोड पापा द्या. आणि जमलं तर तुमची एक मेणबत्ती मला पाठवा, व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवते. टपाल सेवेचाच.

भिंग

अकरापैकी सात कॅमेरे दुरुस्त होऊन घरी गेले. उरलेल्या चौघांकडून काकांनी सांगितल्याप्रमाणे अवस्था आणि किंमत लिहिलेल्या कागदावर सही घेतली. एका आजोबांनी किंमतीच्या जागी 'माझ्या लग्नाचे फोटो याच कॅमेऱ्याने काढले' असं लिहून दिलं आहे. काका, याचा आकडा काय धरू?

जुना विमेकरी

त्याचा आकडा धरता येत नाही. तसल्याच दुसऱ्या कॅमेऱ्याचा बाजारभाव शोधून तो लिहा, आणि त्यांचा कॅमेरा जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवा. ते काम आधी उरका.

कागदपुठ्ठा

हो. ते आधी उरका.